कंपनीतल्या वरच्या जागेसाठी अर्ज भरावा की नाही, हे कसं ठरवावं

नोटीस बोर्डावर कागद लागतो: 'लाइन सुपरवायझर, एक जागा, इच्छुकांनी आठ दिवसांत अर्ज द्यावेत.' त्याच दिवशी कँटीनमध्ये दोन-तीन जण हमखास म्हणतात, "तू भर रे, तुझं होऊन जाईल." सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, नाशिकच्या कुठल्याही औद्योगिक पट्ट्यात जा, हे असंच चालतं. टाइम ऑफिसला हजेरी आणि पगारपत्रकं बघताना माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या बहुतेकांचा एकच प्रश्न असायचा: "माझं होईल का?"

तो प्रश्न शेवटी ठेवा. निवड होणं तुमच्या हातात नाही. पण झाली तर ते काम आणि तो पगार तुम्हाला परवडतो का, हे आठ दिवसांत नीट काढता येतं. उदाहरणं मी कारखान्यातली घेतली आहेत, कारण नाशकात हा पेच सगळ्यात जास्त तिथेच पडतो. बँक आणि सरकारी नोकरीवाल्यांसाठी पुढे वेगळं लिहिलं आहे.

१. जागा रिकामी कशी झाली ते काढा

आधीचा माणूस निवृत्त झाला, बढती मिळून वर गेला, दुसऱ्या प्लँटला गेला की राजीनामा देऊन गेला? राजीनामा असेल तर त्याच्या आधीचा किती टिकला होता? एकाच खुर्चीवरून लागोपाठ माणसं जात असतील तर त्या जागेत किंवा तिच्या वरच्या साहेबात काहीतरी आहे. हे एचआर सांगणार नाही. स्टोअर्सवाला सांगेल, गेटवरचा सिक्युरिटी सांगेल, आणि सोडून गेलेला माणूस तर चहाला बोलावलंत की सगळंच सांगेल. त्याचं निम्मंच खरं धरा, पण ऐका.

दुसरी शक्यता, माणूस आधीच ठरलेला आहे आणि नोटीस फक्त रीत म्हणून लागली आहे. अटी एखाद्याच्या मापाने शिवल्यासारख्या दिसतात, मुदत दोन-तीन दिवसांचीच असते, किंवा कुणीतरी सहा महिने ते काम 'तात्पुरतं' करतच असतो. अशा वेळीही अर्ज भरायला हरकत नाही, वरच्यांच्या यादीत नाव जातं. फक्त त्यासाठी झोप घालवू नका आणि घरी पेढ्यांची भाषा करू नका.

२. पे स्लिप समोर घेऊन बसा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. 'साडेचार हजार वाढले' हे ऐकायला गोड लागतं, पण ते कशावर वाढले आणि त्याबदल्यात काय बंद झालं हे कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही.

समजा, एका ऑपरेटरचा पगार महिना २०,००० आहे. २६ दिवस आणि आठ तास धरले तर तासाला साधारण ९६ रुपये पडतात. कारखान्यात कामगाराला ओव्हरटाइम (ओटी) दुप्पट दराने द्यावा लागतो, म्हणजे तासाला सुमारे १९२. तो महिन्यातले तीन रविवार कामावर येतो, म्हणजे २४ तास ओटी. त्याचे ४,६१५ रुपये झाले. एकूण २४,६१५.

आता त्याला सुपरवायझर करतात, पगार २४,५००. सुपरवायझरला बहुतेक ठिकाणी ओटी नसतो, जास्त थांबलात तर फार तर कॉम्प-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, तोही मिळेल तेव्हा. म्हणजे साडेचार हजारांच्या बढतीनंतर हा माणूस महिन्याला ११५ रुपयांनी मागे आला, आणि रविवार सुटले असंही नाही.

याची दुसरी बाजूही मांडा, नाहीतर हिशेब खोटा ठरेल. ओटी हा ऑर्डरवर अवलंबून असतो. वाहन उद्योगात मंदी आली की अंबड-सातपूरच्या छोट्या व्हेंडरकडे पहिला कट ओटीलाच लागतो. म्हणून एका महिन्याची स्लिप घेऊ नका. मागच्या वर्षभराच्या सगळ्या काढा, ओटीची सरासरी काढा आणि नव्या पगाराशी ती ताडून बघा. वरच्या ग्रेडचं इन्क्रिमेंट किती टक्के असतं तेही विचारा. पहिल्या वर्षी तोटा आणि तिसऱ्या वर्षापासून फायदा, असं चित्र असेल तर पहिलं वर्ष काढायची तयारी आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

मग ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना. इथली पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपयांची आहे आणि ती धरताना ओटी मोजत नाहीत. म्हणजे आपला ऑपरेटर २४,६१५ कमावत असला तरी ईएसआयमध्ये आहे, आणि २४,५०० चा सुपरवायझर झाला की बाहेर जाऊ शकतो. पगारातून ०.७५ टक्के कापून जाणाऱ्या त्या रकमेकडे कुणाचं लक्ष नसतं, पण तिच्यावर बायको-मुलांचे आणि अवलंबून असलेल्या आई-वडिलांचे उपचार चालतात. घरात कुणाचं डायलिसिस, हृदयाचं दुखणं किंवा मोठी शस्त्रक्रिया चालू असेल, सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात खेपा चालू असतील, तर ही एकच ओळ सगळा निर्णय फिरवू शकते.

कार्ड मात्र त्याच दिवशी बंद होत नाही. वर्गणीचे सहामाही कालखंड असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मध्येच पगार मर्यादेवर गेला तरी तो कालखंड संपेपर्यंत वर्गणी कापली जाते, आणि एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवरचा लाभ पुढच्या जानेवारी ते जून या काळात मिळतो. म्हणजे दुसरी सोय बघायला हाताशी काही महिने असतात. कंपनी स्टाफला मेडिक्लेम देते का, आणि दिला तर त्यात आई-वडील येतात का, हे अर्जाआधी विचारा. बहुतेक ठिकाणी नवरा-बायको आणि दोन मुलं एवढ्यावरच तो थांबतो, आणि साठी ओलांडलेल्या आई-वडिलांची पॉलिसी स्वतः काढायला गेलात की प्रीमियमचा आकडा बघून घाम फुटतो.

बोनसचंही तसंच. कायद्याने किमान ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के; २०१५ च्या दुरुस्तीत पात्रतेची मर्यादा २१,००० झाली, आणि ती बेसिक अधिक महागाई भत्त्यावर मोजली जात आली आहे. त्यात आता नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात आणि 'वेतन' कशाला म्हणायचं याची व्याख्याच बदलली आहे. त्यामुळे मित्राच्या कंपनीतलं ऐकून चालू नका. आपल्या टाइम ऑफिसला जा आणि सरळ विचारा: "या ग्रेडला गेलो तर ईएसआय, बोनस आणि पीएफ कुठल्या आकड्यावर धरणार?" पीएफ वाढला तर हातात कमी येतं, पण ते आपलंच असतं, त्याला तोटा म्हणू नका.

आणखी एक गैरसमज वाटेत काढून टाकतो. 'स्लॅब बदलला की हातात कमी येतं,' असं कँटीनमध्ये फार ऐकू येतं. वरचा दर फक्त वरच्या रकमेला लागतो. नव्या कररचनेत २०२५-२६ पासून पगारदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर लागत नाही. पंचवीस हजारांच्या सुपरवायझरने आयकराची काळजी करत बसू नये.

३. युनियनमधून बाहेर पडताय, हे लक्षात ठेवा

वर्करमधून स्टाफमध्ये जाणं म्हणजे युनियनने कंपनीशी केलेल्या करारातून बाहेर पडणं. नाशकात कंपनीगणिक वेतनवाढीचे करार होतात आणि त्यात एकगठ्ठा वाढ, फरक, सवलती असं बरंच काही असतं. करार तोंडावर आला असेल तर युनियन कमिटीच्या माणसाला विचारा की मागणी कितीची आहे. चार महिन्यांनी करार होऊन खालचा ऑपरेटर तुमच्यापेक्षा जास्त घेऊ लागला, असं होतं. स्टाफची वाढ त्यानंतर 'बघू' वर असते.

कायद्याचा भाग थोडक्यात असा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात सुपरवायझरी काम करून महिना १०,००० च्या वर पगार घेणारा माणूस कामगाराच्या व्याख्येत बसत नसे. आता लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत हा आकडा १८,००० आहे. व्याख्येबाहेर गेलात की नोकरीवरून कमी केल्यावर कामगार म्हणून दाद मागायचा रस्ता अवघड होतो आणि नेमणूकपत्रातला नोटीस पिरियड हाच मुख्य आधार उरतो. न्यायालयं नुसतं डेझिग्नेशन बघत नाहीत, प्रत्यक्ष काम काय होतं ते बघतात. तरी त्या भरवशावर अर्ज भरू नये.

म्हणून 'नावाला सुपरवायझर' या प्रकारापासून सावध राहा. मशीन तीच, हात तेच काळे, फक्त ओटी बंद आणि पाटी बदलली, अशी बढती काही छोटे मालक मुद्दाम देतात. रजा मंजूर करायचा, काम वाटून द्यायचा, रिपोर्टवर सही करायचा अधिकार मिळणार आहे का, हे विचारलंत की हेतू लगेच उघडा पडतो.

४. त्या खुर्चीचा एक दिवस जवळून बघा

सध्या ते काम करणाऱ्याला विचारून एक दिवस शिफ्ट बदलताना त्याच्या बाजूला उभे राहा. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटणार आहे असं धरा. सव्वातीनला सेकंडचे दोन ऑपरेटर आलेले नाहीत. एकाचा फोन बंद, दुसरा म्हणतो पाथर्डी फाट्यावर अडकलोय. कंत्राटी पोराला सीएनसी मशीनवर उभं करावं तर त्याला इन्सर्ट, म्हणजे कापायचं पातं, बदलता येत नाही. फर्स्टच्या एकाला थांबवावं तर त्याने कालच थांबून केलंय. तेवढ्यात क्वालिटीवाला लाल टॅग लावलेला बिन दाखवतो आणि म्हणतो, हा लॉट कुणी सोडला? बाहेर डिस्पॅचची गाडी उभी आहे, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. साहेब फोनवर विचारतात, "किती झाले?" आणि त्या माणसाकडे आकडा तयार लागतो. हे सगळं वीस मिनिटांत. मग तो रजिस्टर लिहितो, आणि घरी पोचल्यावर व्हॉट्सॲपवर तोच लॉट पुन्हा येतो.

तुम्ही मशीन लावून देणारे उत्तम सेटर असाल, तुमच्या हाताचं रिजेक्शन शून्य असेल, म्हणूनच तुम्हाला 'भर' म्हणत असतील. पण या वीस मिनिटांत मशीनचं काम जवळपास नाहीच. माणसं, फोन, आकडे. ते बघताना तुम्हाला 'मी असतो तर असं केलं असतं' असं मनात येत राहिलं, तर ही चांगली खूण आहे. नुसतं 'कधी एकदा बाहेर पडतो' असं झालं, तर तीही तितकीच खरी खूण. अशांनी टूल रूम, मेंटेनन्स किंवा क्वालिटीतली तांत्रिक ग्रेड कंपनीत आहे का ते विचारावं. सगळ्यांनी माणसंच हाकली पाहिजेत असं कुठे आहे?

या कामात रोजच्या जेवणाच्या सोबत्यांवरही वेळ येते. ज्याच्या डब्यातली भाजी खाल्ली, त्याला उशिरा आला म्हणून खाडा लावायचा आहे. हे जमेल का, याचं उत्तर एखाद्या खऱ्या माणसाचं नाव घेऊन द्या. 'जमेल' एवढं मोघम म्हणायला सगळ्यांनाच जमतं. रोस्टर बनवण्याचा ताप तर वर्षागणिक असतोच, आणि २०२७ च्या सिंहस्थात रस्ते बंद, बस फिरवलेल्या आणि अर्ध्या शिफ्टला पाहुणे आलेले असताना लाइन चालू ठेवायची जबाबदारी याच खुर्चीवर येणार आहे.

५. घरच्या घड्याळाशी ताळा घाला

निफाड, दिंडोरीकडून येणाऱ्यांसाठी हा मुद्दा पगाराहून मोठा असू शकतो. दोन एकर द्राक्षबाग आहे, माणूस फर्स्ट शिफ्ट करून चार-साडेचारला बागेत पोचतो, नाइट असली की सकाळी फवारणी उरकून झोपतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला आणि एप्रिलच्या खरड छाटणीला रजा आधीपासून बांधलेल्या असतात. शिफ्टमध्येच हे जमतं. जनरल शिफ्टचा स्टाफ झालात की साडेपाच सुटायची वेळ, प्रत्यक्षात साडेसहा, आणि घरी पोचेपर्यंत अंधार. बागेसाठी मजूर लावायचा तर त्याचा खर्च वरच्या हिशेबात धरा. मी असे हिशेब पाहिले आहेत ज्यात बाग राखणं सरळ सरळ फायद्याचं ठरलं आणि माणसाने अर्ज भरला नाही. मला त्यात कमीपणा दिसत नाही.

बदलीची अट आहे का तेही बघा. नाशकातल्या प्लँटचा सुपरवायझर चाकणला पाठवला जाऊ शकतो. 'गरजेनुसार कुठेही' असं वाक्य पत्रात असेल तर ते गृहीत धरूनच पुढे जा. बायकांना नाइट शिफ्ट लागणार असेल तर नव्या संहितेप्रमाणे त्यांची संमती लागते. येण्या-जाण्याची गाडी दारापर्यंत की चौकापर्यंत, हे आधी ठरवून घ्या.

आणि हे सगळं घरी बोला, पण आकडे मांडून. नुसतं 'प्रमोशन आलंय' म्हणालात तर सासुरवाडीपर्यंत बातमी जाते आणि मग मागे फिरणं कठीण होतं.

६. अर्जाआधी साहेबाच्या कानावर घाला

बऱ्याच ठिकाणी अर्जावर विभागप्रमुखाची सही लागतेच. त्यांना दुसरीकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू द्या. असं म्हणता येईल: "साहेब, ती सुपरवायझरची जागा निघालीय, मी अर्ज करायचा विचार करतोय. माझ्यात काय कमी पडतंय असं तुम्हाला वाटतं?" या प्रश्नाला मिळणारं उत्तर फार कामाचं असतं. "एक्सेल शिकून घे" म्हणाले तर तुमच्या नावाचा विचार चालू आहे. "तू गेलास तर माझी मशीन कोण चालवणार?" म्हणाले तर अडवणूक तिथूनच होणार आहे. त्यावर हाताखालच्या एखाद्याला तयार करण्याची तयारी दाखवा: "महिन्याभरात त्याला सेटिंग शिकवतो."

नोटिशीतल्या सगळ्याच अटी पूर्ण होत नसतील तर लगेच माघार घेऊ नका. डिप्लोमा 'आवश्यक' असेल तर विचारून घ्या, 'प्राधान्य' असेल तर भरा.

७. बँकेत आणि सरकारी नोकरीत असाल तर

इथे नाकारण्याचीही किंमत असते. क्लार्कचा ऑफिसर झालात की बदली जवळपास पक्की, म्हणून नाशिक सोडायचं नाही असे कितीतरी क्लार्क परीक्षेलाच बसत नाहीत. तो विचार परीक्षेआधी करा. निवड होऊन नाकारली तर काही वर्षं पुन्हा संधी देत नाहीत, किती वर्षं ते प्रत्येक बँकेच्या धोरणावर असतं. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १०, २० आणि ३० वर्षांनी मिळणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेच्या (बढती न मिळताही वरची वेतनश्रेणी देणाऱ्या) लाभावर पदोन्नती नाकारल्याचा परिणाम होतो. नकार लिहून देण्यापूर्वी आस्थापना शाखेत जाऊन आपल्या बाबतीत काय होईल ते विचारा.

८. आता ठरवा

अर्ज भरणं आणि पद घेणं हे दोन निर्णय आहेत. पगार, बदली, प्रोबेशन यांची उत्तरं मुलाखतीशिवाय मिळतच नसतील तर अर्ज भरा आणि तिथे विचारा. प्रोबेशनमध्ये जमलं नाही तर जुन्या जागेवर परत घेणार का, हे नक्की विचारा आणि पत्रात लिहून मागा. तोंडी 'हो हो' ला काही अर्थ नाही. पण घरचं गणित आधीच 'नाही' सांगत असेल तर केवळ अंदाज घेण्यासाठी भरू नका. निवड झाल्यावर नाही म्हणणारा माणूस साहेबांच्या लक्षात राहतो, आणि पुढच्या वेळी त्याचं नाव कुणी सुचवत नाही.

भरलात आणि झालं नाही तर आठवडाभर जाऊ द्या, मग एचआरला किंवा साहेबाला विचारा की नेमकं कशात मागे पडलो. उत्तर ठोस असेल, म्हणजे ऑडिटचा अनुभव नाही, ड्रॉइंग वाचता येत नाही, तर ते काम मागून घ्या. दोनदा विचारूनही गोलमोल उत्तर आलं तर बायोडेटा अद्ययावत करून बाहेर बघायला लागा, अंबडच्या पलीकडच्या गल्लीतही माणसं लागतात.

न भरायचं ठरवलंत आणि साहेबांनीच सुचवलेलं असेल, तर गप्प बसून मुदत घालवू नका. मुदत संपायच्या आत जाऊन कारण सांगा: "साहेब, वडिलांचे उपचार ईएसआयवर चालू आहेत, यंदा नाही जमणार. पुढच्या वेळी जागा निघाली तर मला कळवा."